वनभोजनातले पाणी : महाड-पोलादपूरच्या उघड्यावरच्या पंगतींचा इतिहास

मित्राचा वा मैत्रिणीचा वाढदिवस गावाबाहेर, झाडाखाली, जुन्या काळाची आठवण करून देणारी भांडी आणि पदार्थ मांडून साजरा करण्याची हौस अलीकडे मुंबई-पुण्याकडून कोकणात उतरली आहे. अशा मेजवानीत ‘जुने’ म्हणून जे मांडले जाते, ते बहुधा चौकड्यांची चादर, वेताची पेटी, काचेच्या बरण्या आणि कागदी पताका या स्वरूपाचे असते. म्हणजे ते जुने असते खरे, परंतु ते इंग्लंडातले जुने असते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत उघड्यावर बसून जेवण्याची स्वतःची परंपरा आहे, ती या चादरीपेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा इतिहास तपासला असता असे दिसते की तेथे काय खाल्ले गेले यापेक्षा पाणी कोठून आले आणि ते कोणी कोणाला दिले, या प्रश्नांनीच त्या परंपरेला आकार दिला. वाढदिवसाचा आणि वनभोजनाचा संबंध मात्र येथे फार उशिरा जुळला, आणि जुन्या शास्त्राला विचारले असते तर तो जुळलाच नसता.

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून वाहत महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. पूर्वी गलबते या खाडीने दासगाव व महाडपर्यंत येत असत, आणि तेथून बैल, हमाल व पालख्या घाटांच्या वाटेने देशावर चढत असत. त्यामुळे महाड ही बंदर आणि घाट यांच्या मधली पेठ होती, तर पोलादपूर हे घाट चढण्यापूर्वीचे शेवटचे मुक्कामाचे ठिकाण होते. प्रवासी जेथे थांबतो तेथे तो जेवतो, आणि जेथे धर्मशाळा नाही तेथे तो नदीकाठी वा झाडाखाली जेवतो, हे लक्षात घेतले म्हणजे या भागात उघड्यावरचे जेवण हा प्रथम हौसेचा नव्हे तर गरजेचा भाग होता हे समजते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस या जेवणाचा हंगामही ठरवून टाकत असे. आषाढ ते भाद्रपद या महिन्यांत शेतावर इरल्याच्या आडोशाने खाल्लेली न्याहारी सोडली, तर बाहेर बसून जेवण्याचा विचार कोणी करीत नसे, आणि खरी बाहेरची जेवणे दिवाळीनंतर, भात कापून झाल्यावर सुरू होऊन शिमग्यापर्यंत चालत.

शेतावरची न्याहारी हा या जेवणांचा सर्वांत साधा प्रकार होय. नाचणीची वा तांदळाची भाकरी, सोबत ठेचा, कांदा, कधी सुकट, कधी कुळथाची पिठी असे पदार्थ फडक्यात बांधून, टोपलीत घालून घरातली बाई बांधावर आणीत असे. तिच्याविषयी लिहावे असे फारसे काही नाही, कारण ती कोकणात सर्वत्र सारखीच आहे. तिच्यापेक्षा अधिक विचार करण्याजोगी चाल म्हणजे राखण. गावाच्या शिवेवरील वा देवराईतील रक्षक देवतेला, म्हणजे जंगलाच्या ज्या तुकड्यातील झाड तोडले जात नाही तेथील देवाला, कोंबडा वा नारळ देऊन तेथेच अन्न शिजवण्याच्या या चालीत कोकणातील अनेक गावांत असा दंडक असे की शिजवलेले सर्व तेथेच संपवावे, उरलेले घरी आणू नये, आणि जेवणाला बहुधा पुरुषांनीच बसावे. येथे बाहेरचे जेवण हा देवाशी केलेला करार आहे. त्यात मौज असली तरी ती दुय्यम आहे.

स्त्रियांच्या वाट्याला आलेले वनभोजन वेगळे होते आणि आजच्या मैत्रिणींच्या मेजवानीचे पूर्वरूप शोधायचेच असेल तर ते तेथे सापडते. कार्तिक शुद्ध पक्षात, विशेषतः आवळा नवमीपासून पौर्णिमेपर्यंत, आवळ्याच्या झाडाची पूजा करून त्याच्या सावलीत जेवण्याच्या विधीला आवळीभोजन म्हणतात. झाडाच्या बुंध्याला सूत गुंडाळणे, दिवा लावणे, विष्णूची पूजा करणे आणि मग पंगत मांडणे असा त्याचा क्रम असतो. याच दिवसांत तुळशीचे लग्न लागते आणि त्यात आवळा, चिंच व ऊस लागतात, त्यामुळे या फळझाडांपर्यंत जाऊन येणे हे कारण घरातल्या बायकांना उंबऱ्याबाहेर पडण्यास पुरेसे मानले जाई. धर्माचे निमित्त घेऊन शेजारणी-पाजारणी एका सकाळी गावाबाहेर पडत, मुलांना सोबत घेत, रांधण्याचे सामान वाटून नेत आणि संध्याकाळच्या आत परत येत. हे निमित्त होते हे त्यांनाही ठाऊक असावे, असे मानण्यास हरकत नाही. परंतु आवळीभोजन ही मुख्यतः ब्राह्मण व त्यांच्या आचाराचे अनुकरण करणाऱ्या घरांची चाल होती, आणि आवळ्याखालची पंगत ही घरातल्या पंगतीइतकीच निवडक असे, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

जातीच्या व घराच्या चौकटीबाहेर जाणारे, आणि म्हणून आजच्या काळाला अधिक जवळचे वाटणारे बाहेरचे जेवण म्हणजे पोपटी. पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात तिचे माहेर मानले जात असले तरी ती आता रायगड जिल्ह्याची ओळख झाली आहे. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, पावटा ही कडधान्ये घेतली जातात आणि पौष-माघात त्यांच्या शेंगा भरतात; त्या काळात पोपटी लावली जाते. त्यासाठी मातीचे मडके घेऊन त्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरतात. भांबुर्डा ही शेताच्या बांधावर उगवणारी उग्र वासाची रानटी वनस्पती असून तिच्यावाचून पोपटीला चव येत नाही असे जाणते सांगतात. त्या पाल्यावर न सोललेल्या शेंगांचा थर, त्यावर जाडे मीठ आणि ओवा, मग बटाटे, कांदे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी असे थर देत मडके दाबून भरतात आणि तोंडाशी पुन्हा पाला कोंबतात. मडके जमिनीवर पालथे घालून त्याभोवती पेंढा, काटक्या आणि गोवऱ्या रचून पेटवतात. अर्ध्या तासाने विस्तव थोडा बाजूला सारून तापलेल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात. थेंब चर्र करून क्षणात उडून गेले की पोपटी झाली असे समजतात. मग मडके काठीने उचलून केळीच्या पानांवर उपडे करतात आणि सगळे त्या एकाच ढिगाभोवती बसतात. या स्वयंपाकात पाणी घालायचे नसते, शेंगांच्या स्वतःच्या ओलाव्यावर सारे शिजते, आणि स्वतंत्र ताटे नसल्याने पंगतीच्या रांगाही नसतात. पाण्याच्या स्पर्शावर ज्या समाजात विटाळाचे नियम बेतलेले होते, त्या समाजात पाण्यावाचून शिजणारे आणि रांगेवाचून खाल्ले जाणारे अन्न शेतात, रात्री, घराच्या नजरेआड तयार होत होते, ही गोष्ट योगायोगाची असली तरी दुर्लक्षिण्याजोगी नाही.

पाण्याच्या या नियमांनी प्रवासातल्या भांड्यांनाही घडवले. जुन्या मराठी घरांत आजही आढळणारा फिरकीचा तांब्या हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पितळेचा, गोल पोटाचा, आट्यांचे झाकण फिरवून घट्ट बसवता येणारा आणि वर कडी असलेला हा तांब्या पाणी न सांडता नेण्यासाठी बनवलेला आहे, आणि आज तो दिवाणखान्यात शोभेला ठेवला जातो. परंतु त्याची गरज केवळ तहानेची नव्हती. वाटेतल्या विहिरीवर पाणी कोणी भरले आहे याची खात्री नसलेल्या सोवळ्या प्रवाशाला घरचे पाणी सोबत न्यायचे असे, आणि म्हणून झाकण इतके पक्के करावे लागे. दशमी या प्रवासी पदार्थाचेही तसेच आहे. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली असता तिची भाकरी वा पोळी खरकट्याच्या नियमातून सुटते, ती फराळात जमा होते आणि प्रवासात नेता येते, असे मानले जाई. ती दोन-तीन दिवस टिकते हा लाभ त्याच्या जोडीला होता. दशम्या, गुळपापडीच्या वड्या आणि चटणी असा शिधा घेऊन घाट चढणारा प्रवासी पोलादपूरच्या नदीकाठी बसून जेवत असेल, तर त्याच्या शेजारी बसलेला हमाल वा भोई त्याच वेळी त्याच नदीचे पाणी ओंजळीने पीत असे, आणि त्या दोघांमध्ये काही हातांचे अंतर असे.

परदेशी पाहुण्यांच्या खाण्याची या भागातली एक नोंद सतराव्या शतकातली आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. महाराज तेव्हा प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले असल्याने त्याला पायथ्याच्या पाचाड येथे तळ देऊन थांबावे लागले आणि मग वर जाण्याची परवानगी मिळाली. जॉन फ्रायर याने आपल्या प्रवासवर्णनात या वकिलातीची हकीकत देताना सांगितले आहे की त्या मंडळींना मांस पुरवणारा म्हातारा खाटीक, इतक्या थोड्या दिवसांत आपल्याकडून इतके मांस घेणारी माणसे आहेत तरी कशी हे पाहण्यासाठी, गड चढून आला. कोकणातल्या रोजच्या जेवणात मांस किती क्वचित असे, हे त्या खाटकाच्या कुतूहलावरून कळते.

इंग्रजी पद्धतीची सहल मात्र या तालुक्यांत दीडशे वर्षांनंतर आली, आणि ती वरून, म्हणजे घाटमाथ्यावरून आली. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी जागेचा व्यवहार करून, महाबळेश्वर हे थंड हवेचे ठाणे वसवण्यात आले. रेल्वे होण्यापूर्वी मुंबईहून तेथे जाणारे साहेब आणि त्यांची कुटुंबे समुद्रमार्गे बाणकोटला येत, खाडीने महाड वा दासगाव गाठत, आणि तेथून पालखीत वा घोड्यावर पोलादपूरमार्गे, प्रतापगडाच्या बाजूने जाणाऱ्या रडतोंडीच्या घाटाने वर चढत. पुढे आंबेनळीचा गाडीरस्ता झाला आणि त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव देण्यात आले. महाबळेश्वरच्या कड्यांवरच्या ज्या जागांना इंग्रजांनी आर्थर, एल्फिन्स्टन, फॉकलंड अशी आपल्या माणसांची नावे दिली, त्या जागा म्हणजे त्यांची सहलीची ठिकाणे होती. तेथून खाली दिसणारे डोंगर आणि दऱ्या म्हणजेच पोलादपूर आणि महाडचा मुलूख. खालच्या गावांतली माणसे सामान वाहून वर नेत आणि साहेबांची मेजवानी दुरून पाहत. या ठाण्यावरचे इंग्रजही पावसाळ्यात तेथे राहत नसत. जून उजाडला की बंगल्यांच्या भिंती गवताच्या ताट्यांनी झाकून मंडळी खाली उतरत, म्हणजे ज्यांनी सहलीचा शौक येथे आणला त्यांनीही तो कोरड्या ऋतूपुरताच ठेवला होता.

या शौकाचे शास्त्र इंग्लंडात तोपर्यंत छापून तयार झाले होते. इझाबेला बीटन यांच्या १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात चाळीस माणसांच्या सहलीची पदार्थसूची दिलेली असून तीत थंड भाजलेले मांस, मांस भरलेल्या पेस्ट्र्या, भाजलेली कोंबडी आणि बदके, लॉब्स्टर, काकड्या आणि पालेभाज्यांच्या टोपल्या असा थाट आहे. विसरू नये अशा वस्तूंची वेगळी यादी आहे आणि तीत बाटल्यांची बुचे काढण्याची तीन साधने आठवणीने नोंदली आहेत. आज जुन्या थाटाची सहल म्हणून जगभर जे सजवले जाते, त्याचे मूळ या आणि अशा पुस्तकांत आहे. याच यादीत बीटनबाईंनी एक सूचना सहज जाता जाता केली आहे: पाणी बहुधा कोठेही मिळते, तेव्हा ते सोबत नेण्याची गरज नाही.

महाडच्या इतिहासात या वाक्याइतके परके वाक्य दुसरे सापडणार नाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला. परंतु प्रत्यक्षात त्या तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते.) गावात भरलेले तळे असताना परिषदेच्या मंडपासाठी संयोजकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले, आंबेडकर तळ्याचे पाणी प्याले आणि त्यांच्यामागून हजारो लोक प्याले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत अशी अफवा उठवण्यात आली आणि जमाव परिषदेच्या मंडपावर चालून गेला. तेथे काही प्रतिनिधी परतीच्या तयारीत होते, काही जेवत होते. जमावाने माणसांना मारहाण केली, अन्न मातीत मिसळले आणि भांडी फोडली. या भागातल्या उघड्यावरच्या जेवणांपैकी इतिहासात सर्वाधिक ठळकपणे नोंदले गेलेले जेवण हे असे मोडले गेले, आणि ते मोडण्याचे कारण त्याआधी प्यालेले पाणी होते. तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी मग त्यात पंचगव्याने भरलेल्या १०८ घागरी ओतण्यात आल्या.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला भरलेल्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी मुंबईहून निघालेले आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पद्मावती या बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून पायी महाडला आले; म्हणजे शंभर वर्षांपूर्वी महाबळेश्वरला निघालेले साहेब ज्या बंदरावर पालख्यांत बसत, त्याच बंदरावरून ही माणसे चालत निघाली. गावातले व्यापारी धान्य विकण्यास राजी नसल्याने शिधा बाहेरून आणावा लागला, आणि परिषदेच्या मंडपासाठी जागा मिळाली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाची. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरील हक्काचा दावा न्यायालयात दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो आंबेडकरांच्या बाजूने निकालात काढला. त्याच काळात कोकणात अन्यत्र, विशेषतः रत्नागिरीत, सहभोजने म्हणजे सर्व जातींच्या एकत्र पंगती घडवून आणण्याचे प्रयत्न चालू होते. त्या पंगतींत कोण बसले याची नावे वर्तमानपत्रांतून छापली जात, यावरून एका रांगेत बसणे ही तेव्हा केवढी बातमी होती हे समजते.

वाढदिवसाचा इतिहास या साऱ्याहून वेगळ्या वाटेने आला आहे. मूळचे कोकणातील आणि पंढरपुरात स्थायिक झालेले काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० साली रचलेला ‘धर्मसिंधु’ हा आचारनियमांचा संग्रह महाराष्ट्रातील वैदिक घरांत प्रमाण मानला जाई, आणि त्यात वर्धापनविधी म्हणजे जन्मतिथीला करावयाचा विधी दिलेला आहे. तीळ लावून अभ्यंगस्नान करावे, नवे वस्त्र नेसावे, कुलदेवता, मार्कंडेय आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम हे सात चिरंजीव यांची पूजा करावी, आणि तीळ व गूळ घातलेले अर्धी ओंजळ दूध आयुष्यवृद्धीसाठी प्यावे, असा हा विधी आहे. त्या दिवशी काय करू नये याचीही यादी निबंधकारांनी दिली आहे: नखे व केस कापू नयेत, मांस खाऊ नये, भांडू नये, हिंसा करू नये आणि प्रवास करू नये. शास्त्राप्रमाणे वाढदिवस हा घरी बसण्याचा दिवस आहे. मैत्रिणीला गाडीत बसवून घाटाखाली नेणे आणि तेथे कोंबडीची पोपटी लावणे यात या यादीतले निदान दोन निषेध एकाच दिवशी मोडतात, आणि जुन्या पद्धतीच्या वाढदिवसाचा आग्रह धरणाऱ्यांनी हे ठाऊक करून घेतलेले बरे.

अर्थात महाड-पोलादपूरमधील बहुसंख्य घरांना हे निषेध मोडण्याची वेळच आली नाही, कारण त्या घरांत वाढदिवस नव्हता. पाचवीची पूजा होई, बारसे होई, आणि त्यानंतर माणसाचे वय महापुरावरून, साथीवरून किंवा शेजाऱ्याच्या मुलाहून तो किती मोठा यावरून मोजले जाई. मुलाला शाळेत घालताना मास्तरांना तारीख लिहावी लागे आणि पालकांना ती सांगता येत नसे, तेव्हा मास्तर १ जून लिहीत. महाराष्ट्रातल्या एका पिढीतील असंख्य माणसे त्यामुळे कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेली आहेत. तिथीऐवजी तारीख, ओवाळणीच्या जोडीला केक आणि घरच्यांबरोबर मित्रमंडळी हे बदल येथे आणण्यात मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांचा, म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला गावी परतणाऱ्या नोकरदारांचा, मोठा वाटा आहे. औक्षण मात्र टिकले. निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी आणि अक्षता यांनी ओवाळून मग केक कापण्याचा जो क्रम आज घरोघर दिसतो, तो या दोन प्रथांचा समेट आहे आणि तो बरा समेट आहे. सार्वजनिक वाढदिवस त्याआधीच उघड्यावर आले होते: आंबेडकरांची जयंती १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी सार्वजनिक रीतीने साजरी केली, आणि शिवजयंती तिथीने करावी की १९ फेब्रुवारीस, हा वाद रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर रस्ते, एस.टी. आणि शाळा यांनी बाहेर जाऊन जेवण्याला सहलीचे रूप दिले. रायगड, प्रतापगड, दासबोधाच्या लेखनाशी परंपरेने जोडलेली शिवथरघळ, महाडजवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणी आणि तानाजी मालुसऱ्यांचे पोलादपूर तालुक्यातील उमरठ ही सहलींची ठिकाणे झाली, आणि घरून आणलेला डबा झाडाखाली उघडून शेजाऱ्याच्या डब्यातली भाजी चाखणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शालेय अनुभव बनला. ज्या मुलुखात पाणी विकत घ्यावे लागले होते, त्या मुलुखात मुलांनी एकमेकांच्या बाटलीला तोंड लावून पाणी पिणे ही क्रांती कोणाच्या लक्षातही न येता घडून गेली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ती आपोआप घडली नाही, तिची किंमत १९२७ साली मोजली गेली होती.

या शेवटच्या टप्प्यातील एक बदल चिंतेचा आहे, तो म्हणजे पावसाळी सहल. धबधबे आणि हिरवे घाट पाहण्यासाठी आषाढ-श्रावणात बाहेर पडण्याची रीत गेल्या तीन-चार दशकांची असून तिला या भागाच्या परंपरेत कसलाच आधार नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळील सावित्रीवरचा १९२८ साली बांधलेला पूल पुरात वाहून गेला. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला सहलीस निघालेली बस आंबेनळी घाटात दरीत कोसळून सुमारे तीस माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर खचला. या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत, परंतु त्या सर्व त्याच महिन्यांतल्या आहेत ज्यांत येथल्या जुन्या माणसांनी बाहेर पंगत मांडली नव्हती.

जुन्या थाटाचे वनभोजन या भागात खरोखर करावयाचे असेल, तर त्याचे साहित्य हाताशी आहे: बुरुडाने विणलेली बांबूची दुरडी, घोंगडी, पळसाच्या पानांची काडीने टाचलेली पत्रावळ, द्रोण, फिरकीचा तांब्या, दशम्या, पोपटीचे मडके आणि वाढदिवसासाठी तीळगुळाचे अर्धी ओंजळ दूध. यातील एकही वस्तू बाहेरून मागवावी लागत नाही आणि जेवण झाल्यावर बहुतेक वस्तू मातीत मिसळतात वा घरी परत येतात. माघानंतर डोंगरावरचे गवत वाळलेले असते व एका ठिणगीने वणवा लागतो, म्हणून पोपटी पीक निघालेल्या मोकळ्या, पाण्याजवळच्या जमिनीवरच लावावी. नियमांपैकी मात्र एकच घेण्याजोगा आहे, तो ऋतूचा. सोवळ्याचे, पंगतीच्या रांगांचे आणि कोणाच्या हातचे पाणी चालते याचे नियम महाडच्या तळ्यावर मोडले गेले आहेत आणि ते तसेच राहिले पाहिजेत. ज्या मैत्रिणीचा जन्म कार्तिक ते माघ या महिन्यांतला आहे तिच्यासाठी आवळ्याची सावली मोकळी आहे. जिचा जन्म आषाढ-श्रावणातला आहे, तिचा वाढदिवस घराच्या पडवीत करावा.